ओकच्या ओंडक्यांवर शिटाके लावताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीतल्या तुमच्या घरामागचे दोन ओक छपराकडे झुकल्यामुळे ते फेब्रुवारीत पाडायचे ठरले आहे, त्यांच्या लाकडावर शिटाके अळिंबी लावता येईल का, किती ओंडके ठेवावेत, पीक कधी आणि किती मिळेल, गॅरेजला टेकवून रचलेले तीन वर्षांपूर्वीचे सरपण याच कामी येईल का, आणि साताऱ्याला असणाऱ्या तुमच्या वडिलांना हाच प्रयोग तिथे करता येईल का. ओकच्या बाबतीत उत्तर निःशंक होकाराचे आहे. किंबहुना घरच्या घरी याहून चांगले लाकूड मिळणे कठीण. सरपणाच्या बाबतीत उत्तर तितकेच निःशंक नकाराचे आहे. साताऱ्याचा विषय वेगळा असल्यामुळे तो शेवटी घेतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मी गेली १६ वर्षे ओंडक्यांवर शिटाके घेत आहे, आणि या काळात माझे जेवढे ओंडके वाया गेले त्यांतले बहुतेक एकाच कारणाने गेले: ते आतून वाळले. म्हणून ओंडक्याला भोके पाडायची, त्यांत बियाणे, म्हणजे शिटाकेची जिवंत बुरशी, भरायचे आणि वरून मेणाने बंद करायचे, या कामाबद्दल आवश्यक तेवढे सांगून अधिक जागा मी पाण्याला देणार आहे.

शिटाके ही मेलेल्या लाकडावर जगणारी बुरशी असली, तरी ते लाकूड नुकतेच मेलेले असावे लागते. उभ्या झाडातल्या जिवंत पेशी परक्या बुरशीला सहसा आत शिरू देत नाहीत; झाड पडल्यावर या पेशी काही आठवड्यांत हळूहळू मरतात, आणि मग ज्याचा ताबा आधी त्याचे लाकूड, असा मामला सुरू होतो. हवेत रानटी बुरशींची बीजे सदैव तरंगत असतातच. तुमच्या तीन वर्षांच्या सरपणात त्यांनी केव्हाच बस्तान बसवले आहे, शिवाय त्यातले पाणीही उडून गेले आहे, त्यामुळे ते शेकोटीलाच वापरावे. वादळात मोडून पडलेल्या, पण नेमक्या केव्हा पडल्या हे ठाऊक नसलेल्या फांद्यांनाही हाच नियम लावावा. झाड निरोगी असताना पाडलेले हवे, आणि पाडल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांच्या आत त्यात बियाणे भरलेले हवे.

फेब्रुवारी महिना सुदैवाने अगदी योग्य आहे. पानगळीपासून कळ्या फुगू लागेपर्यंत झाडाची साखर लाकडात साठलेली असते, जी पुढे बुरशीला उपयोगी पडते, आणि साल लाकडाला घट्ट धरून असते. वसंतात रस चढू लागला की साल सैल होते, आणि त्या काळात पाडलेल्या लाकडाची साल वर्षा-दोन वर्षांत पोपड्यासारखी सुटून येते. साल ही ओंडक्याची कातडी आहे. ती गेली की पाणी जाते, आणि उघड्या पडलेल्या लाकडावर पीक धरतच नाही म्हटले तरी चालेल. म्हणून फांद्या फरफटत नेऊ नयेत आणि ओंडके एकमेकांवर आपटू नयेत.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगतो. झाड पाडायला येणारी मंडळी फांद्या खाली आल्या आल्या चिपरमध्ये, म्हणजे लाकडाचा चुरा करणाऱ्या यंत्रात, घालतात, आणि आपल्याला हव्या असतात त्या नेमक्या त्याच फांद्या. खोड अवजड असते आणि त्यात गाभा फार असतो. बुरशी वाढते ती सालीखालच्या पांढरट लाकडात, गडद गाभ्यात ती फारशी शिरत नाही. ८ ते १५ सेंटीमीटर जाडीच्या, शक्य तितक्या सरळ फांद्या एक एक मीटर लांबीने कापून बाजूला ठेवा, असे त्यांना काम ठरवतानाच सांगा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. गावाची वृक्षतोडीची परवानगी लागते का, हेही त्याआधी पाहून घ्यावे. कापलेल्या ओंडक्यांच्या सालीवर वाळलेल्या चिखलाच्या ठिपक्यासारखे करडे थर दिसले तर ती स्पॉटेड लँटर्नफ्लाय या उपद्रवी किडीची अंडी असू शकतात. ती खरवडून नष्ट करावीत, आणि ओंडके दुसऱ्या गावी कोणाला भेट म्हणून देण्याच्या भानगडीत पडू नये.

ओक पांढरा असो वा तांबडा, दोन्ही चालतात. अंगणात शुगर मेपल, बीच किंवा हॉर्नबीम असेल तर त्याच्या फांद्याही घ्याव्यात. पाइन, स्प्रूस यांसारखी सूचिपर्णी झाडे नकोत.

आता बियाण्याकडे येतो. शिटाके हे नाव जपानी आहे: ‘शिई’ हे ओकच्याच कुळातले एक झाड, आणि ‘ताके’ म्हणजे अळिंबी. ओंडक्यांवर ती घेण्याची कला मात्र चीनच्या झेजियांग प्रांतातल्या डोंगरांत सुरू झाली असे मानतात, आणि १३१३ सालच्या एका चिनी कृषिग्रंथात तिचे वर्णनही आहे. पाडलेल्या झाडावर कुऱ्हाडीने घाव घालायचे, आणि वाऱ्यावरून येणाऱ्या बीजांची वाट पाहायची, अशी ती रीत होती. जपानमध्येही दीर्घकाळ तसेच चालले, आणि पीक येणे न येणे नशिबावर राहिले. १९४२ मध्ये मोरी किसाकु यांनी लाकडाच्या लहान खुंट्यांमध्ये शुद्ध बुरशी वाढवून त्या ओंडक्यात ठोकण्याची पद्धत आणली, तेव्हा हा जुगार संपला. अमेरिकेत हे सारे उशिरा पोचले, कारण रेल्वेचे लाकडी स्लीपर कुजवणाऱ्या एका बुरशीशी गल्लत झाल्यामुळे शिटाकेची जिवंत बुरशी आयात करायला १९७२ पर्यंत इथे मनाई होती. त्या मानाने आज आपले काम फारच सोपे आहे.

आज बियाणे, म्हणजे स्पॉन, प्रामुख्याने दोन रूपांत मिळते. एक मोरी यांच्या वारशातले, खुंट्यांचे, जे हातोडीने ठोकले की झाले. दुसरे लाकडाच्या भुशातले, जे पितळी दट्ट्याच्या हत्याराने भोकात दाबून भरावे लागते. दहाबारा भोके पाडून मुलांना गंमत दाखवायची असेल तर खुंट्या ठीक आहेत. तुमच्या घराला पुरतील असे वीस ओंडके करायचे असतील तर मी भुशाच्या बियाण्याचीच शिफारस करीन, कारण त्यातली बुरशी लाकडात लवकर पसरते आणि ओंडक्यामागचा खर्चही कमी पडतो. सुमारे अडीच किलोची एक पिशवी वीस ते पंचवीस ओंडक्यांना पुरते. खुंट्यांपेक्षा ते लवकर वाळते, एवढे लक्षात ठेवून उघडलेली पिशवी त्याच दिवशी संपवावी.

वाणांचे ढोबळ तीन गट आहेत: थंडीचे, उन्हाळ्याचे, आणि तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात चालणारे. पहिल्या खेपेला डोळे झाकून तिसरा गट घ्यावा. तो लवकर पसरतो, चुका पोटात घालतो, आणि पाण्यात भिजवल्यावर ठरल्या वेळी पीक देतो. थंडीच्या वाणांची टोपी अधिक जाड आणि चवदार असते हे खरे, पण ती आपल्या मर्जीने वसंतात आणि शरदात येतात आणि भिजवण्याला दाद देत नाहीत. वीसपैकी चार ओंडके त्यांच्यासाठी राखून ठेवायला हरकत नाही.

भोकांचे गणित सोपे आहे. भुशाच्या बियाण्याला १२ मिलिमीटर आणि खुंटीला ८ मिलिमीटर व्यासाचे, सुमारे २५ मिलिमीटर खोल भोक लागते. ओंडक्याच्या लांबीच्या दिशेने दोन भोकांत १५ सेंटीमीटर आणि दोन ओळींत ६ ते ७ सेंटीमीटर अंतर ठेवावे, आणि शेजारच्या ओळीतली भोके मधोमध सरकवावीत, म्हणजे पतंगाच्या आकाराची नक्षी तयार होते. बुरशी लाकडाच्या रेषांच्या दिशेने झपाट्याने धावते आणि आडवी मात्र रेंगाळत सरकते, म्हणून हा फरक. साडेबारा सेंटीमीटर जाडीच्या ओंडक्यावर अशी चाळीसच्या आसपास भोके बसतात. वीस ओंडक्यांची आठशे होतात. साध्या घरगुती ड्रिलने एवढ्या ओल्या ओकमध्ये काम करताना ड्रिल तापून बंद पडते आणि मनगट दुखते ते वेगळेच. अँगल ग्राइंडरला बसणारा अडॅप्टर आणि त्याचे खास बिट मिळाले तर तेच काम एका दुपारी उरकते. डोळ्यांना गॉगल आणि कानांना संरक्षण हवेच.

भोक पाडले की लगेच भरावे आणि लगेच मेणाने बंद करावे. चीज वॅक्स, खाद्य दर्जाचे पॅरफिन किंवा मधमाश्यांचे मेण, यांपैकी काहीही चालते. जुन्या विजेच्या कढईत, घराबाहेर, ते पाण्यासारखे पातळ आणि पारदर्शक होईपर्यंत तापवावे, मात्र धुराची रेघ दिसण्याआधी आच कमी करावी, कारण मेण पेट घेते. मेण पुरेसे गरम आहे की नाही हे पहिल्या भोकावरच कळते. गरम मेण बियाण्यावर टेकताच हलकेसे चुरचुरते, सालीच्या खाचांत शिरते आणि काचेसारखे पसरते. थंडावलेले मेण लागताक्षणी पांढरे पडते, वर टोपीसारखे बसते, आणि महिन्याभरात नखाने निघते. निघालेल्या मेणाखाली बियाणे वाळते, आणि किडे, मुंग्या, पक्षी उरलेले संपवतात. ओंडक्यांची कापलेली टोके मेणाने बंद करावीत की नाही याविषयी मतभेद आहेत. मी करतो, कारण ओंडक्याचे पाणी सर्वांत लवकर टोकांतून जाते.

प्रत्येक ओंडक्याला ॲल्युमिनियमची पट्टी खिळ्याने ठोकून तिच्यावर झाड, वाण आणि तारीख कोरून ठेवा. पेनने लिहिलेले दुसऱ्या वर्षी वाचता येत नाही.

इथपर्यंतचे काम कोणीही नीट करतो. बिघडते ते यानंतर. पहिल्या वर्षी मी चौदा ओंडके केले होते, आणि एवढ्या कष्टाने भरलेल्या ओंडक्यांना ऊनपावसापासून जपावे म्हणून ते शेडमध्ये, छपराखाली, नीट रचून ठेवले. उन्हापासून जपले ते बरोबर होते. पावसापासून जपले ही घोडचूक होती. पुढच्या ऑक्टोबरात त्यांतला एक मधोमध कापला, तेव्हा करवतीखालून गव्हाच्या पिठासारखा कोरडा भुसा गळला. कापलेल्या भागात प्रत्येक भोकाभोवती बोटभर लांबीचा दुधाळ पट्टा रेषांच्या दिशेने गेलेला आणि तिथेच थबकलेला स्पष्ट दिसत होता. बुरशी चांगली होती, बियाणे चांगले होते, पाणी संपले होते. चौदांपैकी अकरा ओंडक्यांवर कधीच काही आले नाही.

ओंडका हा या शेतीतला एकमेव पाणवठा आहे. ताज्या ओकच्या वजनात साधारण चाळीस टक्के किंवा थोडे अधिक पाणी असते. ते ३५ टक्क्यांच्या खाली गेले की बुरशी मंदावते, आणि ३० च्याही खाली बराच काळ राहिले की मरू लागते. बाहेरून पाहून हा फरक ओळखता येत नाही, पण काट्यावर येतो. ओंडके कापताना एकाच्या टोकाची तीन सेंटीमीटर जाडीची चकती कापून लगेच वजन करावे, मग ती १०० ते १०५ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा वजन करावे. समजा, ३५० ग्रॅमची चकती वाळून २०३ ग्रॅम झाली, तर १४७ ग्रॅम पाणी गेले, म्हणजे ४२ टक्के. आता ज्या ओंडक्याची ती चकती, त्याचे वजन १२ किलो असेल तर त्यातले कोरडे लाकूड ५८ टक्के, म्हणजे ६.९६ किलो झाले. पाणी ३५ टक्क्यांवर येईल तेव्हा हे लाकूड एकूण वजनाच्या ६५ टक्के असेल, म्हणून धोक्याचे वजन ६.९६ भागिले ०.६५, म्हणजे १०.७ किलो. हा आकडा त्या ओंडक्याच्या पट्टीवर कोरून ठेवायचा आणि दर पंधरवड्याला तो एकच ओंडका ताणकाट्याला टांगून पाहायचा. काटा ११ च्या खाली सरकू लागला की सगळ्या ओंडक्यांना पाणी द्यायचे. हा हिशेब पहिल्या वर्ष-सव्वा वर्षापुरताच खरा असतो, कारण पुढे बुरशी लाकूडच खाऊन टाकते आणि वजन त्यामुळेही उतरते; पण तोवर तुमच्या हाताला अंदाज आलेला असतो.

पाणी कसे द्यावे, याबद्दल एक गैरसमज सर्वत्र दिसतो. रोज संध्याकाळी पाच मिनिटे पाइपने शिंपडल्याने साल तेवढी ओली राहते आणि आत काही पोचत नाही, उलट सतत ओल्या सालीवर हिरवी ट्रायकोडर्मा बुरशी माजते. साल कोरडी आणि आतले लाकूड ओले, ही आपल्याला हवी असलेली स्थिती आहे. आठवड्याला एक दमदार पाऊस पडत असेल तर काहीच करू नये. दहा-बारा दिवस कोरडे गेले तर स्प्रिंकलर लावून पाच-सहा तास सलग भिजवावे किंवा ओंडके रात्रभर पाण्यात बुडवावेत, आणि मग साल वाळू द्यावी.

जागा निवडताना वर्षभराची सावली पाहावी. फेब्रुवारीत सावली वाटणारी जागा जूनमध्ये उन्हात असू शकते आणि उलटही घडते; हेमलॉक किंवा स्प्रूससारख्या सदाहरित झाडाखाली, नाहीतर घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून, पाऊस पोचेल अशी जागा उत्तम. तीन-चतुर्थांशाहून अधिक सावली हवी. तशी नसेल तर ८० टक्के सावलीचे जाळे उंच ताणावे. प्लास्टिकची ताडपत्री कधीही घालू नये, कारण तिच्याखाली उष्णता आणि कोंदटपणा साचून ओंडके शिजतात. ही बुरशी २४ ते २७ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने वाढते आणि ३२ च्या पुढे जवळजवळ थांबते, तर हिवाळ्यातल्या बर्फाने तिचे काही बिघडत नाही. ओंडके थेट मातीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर, एका थरावर दुसरा थर काटकोनात, असे कमरेच्या खालीच राहील इतक्या उंचीपर्यंत रचावेत. जागा नळाजवळ आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी असावी. नजरेआड ठेवलेले ओंडके मनाआडही जातात आणि मग ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यात मरतात.

पहिले वर्ष काहीच घडत नसल्यासारखे जाते. सात-आठ महिन्यांनी टोके मेण लावलेली नसतील तर त्यांवर पांढरे, कडांना तपकिरी ठिपके उमटतात. ताज्या ओंडक्यावर हातोडीने टकटक केल्यास खणखणीत आवाज येतो, बुरशीने भरलेल्यावर तो बद्द येतो. सालीवर अंगठा दाबला तर किंचित दबते. रानटी बुरशींपैकी टर्की टेलचे रंगीत पट्ट्यांचे पंखे एखाद्या ओंडक्यावर थोडे दिसले तर घाबरू नये, पण काळ्या चामखिळींसारखे पुंजके अर्ध्याहून अधिक सालीवर पसरले तर तो ओंडका दूर नेऊन टाकावा. ते पुंजके बहुधा ऊन लागून साल तापल्याची निशाणी असतात.

मार्चमध्ये भरलेल्या ओंडक्यांवर त्याच शरदात एखाद-दुसरी अळिंबी आपणहून फुटली तर आनंदाने खावी, परंतु भिजवून पीक काढण्याची घाई पुढच्या जूनपर्यंत करू नये. त्यानंतरची रीत अशी: ओंडका पाण्यात पूर्ण बुडवून २४ तास ठेवायचा, जास्त नाही, कारण अधिक काळ बुडवल्यास बुरशी गुदमरते. पाणी हवेपेक्षा थंड असावे. ओंडके तरंगतात म्हणून वर दगड ठेवावेत. बाहेर काढल्यावर सावलीत तिरके टेकवून ठेवायचे. जपानी शेतकरी या वेळी ओंडक्यांना हातोड्याने ठोकतात, आणि वीज पडल्यावर अळिंबी जास्त उगवते ही तिकडची जुनी समजूतही आहे. इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी ओंडक्यांना क्षणभराचे उच्च दाबाचे विद्युत झटके देऊन पीक वाढल्याचे दाखवले आहे. घरी अर्थातच वीज लावू नये. मी ओंडका टेकवताना त्याचे टोक जमिनीवर एकदा आपटतो. फायदा होतो की नाही हे कधी मोजलेले नाही, सवय लागली आहे.

तीन ते पाच दिवसांत साल फोडून कळ्यांची टोके दिसतात, आणि साधारण सात ते दहा दिवसांत तोडणी येते. त्यानंतर त्या ओंडक्याला विश्रांती द्यावी लागते; दोन भिजवण्यांमध्ये किमान आठ आठवडे जावेत. तुमच्या चौघांच्या घरासाठी हिशेब असा बसतो: भिजवण्याला दाद देणाऱ्या सोळा ओंडक्यांचे चार चारचे चार गट करायचे आणि दर पंधरा दिवसांनी एक गट पाण्यात टाकायचा, म्हणजे चौथा गट भिजवल्यावर पंधरा दिवसांनी पहिल्याची विश्रांती पुरी झालेली असते. एका ओंडक्यावर एका खेपेला ११० ते २२५ ग्रॅम माल मिळतो, म्हणजे एका गटातून सुमारे अर्धा ते पाऊण किलो, कधी थोडा अधिक. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अशा सहा-सात खेपा होतात. ओंडका तीन ते पाच वर्षे चालतो. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा ठोकताळा बऱ्यापैकी खरा ठरतो. याहून मोठे आकडे कोणी सांगितले तर ते चांगल्या वर्षातल्या चांगल्या ओंडक्याचे आहेत असे समजावे.

कळ्या दिसल्यापासून तोडणीपर्यंत तुमचा मुकाबला बिनशंखाच्या गोगलगायींशी आहे. दिवसा त्या कुठेच नसतात. रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन गेलात तर प्रत्येक टोपीच्या खाली, पात्यांमध्ये, एकेक चिकट करड्या रंगाची गोगलगाय चरताना सापडते, आणि सकाळी टोपीला आरपार खिडक्या पडलेल्या असतात. भिजवलेले ओंडके त्या आठवड्यापुरते खडीवर किंवा ओसरीत आणून ठेवणे हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे. गोगलगायींना मारणाऱ्या आयर्न फॉस्फेटच्या गोळ्याही चालतात. खारी आणि हरणे आलीच तर जाळी लावावी लागते.

टोपीची कड अजून आत वळलेली असताना, म्हणजे ती अर्धी ते पाऊण उघडलेली असताना, देठ सालीलगत पिरगाळून किंवा चाकूने कापून तोडणी करावी. पूर्ण सपाट झालेली टोपी खाता येते, पण टिकत नाही. माल प्लास्टिकच्या नव्हे, कागदाच्या पिशवीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे आठवडाभर सहज राहतो. जास्तीचा माल पाती आकाशाकडे करून काही तास उन्हात ठेवावा आणि मग ड्रायरमध्ये पूर्ण वाळवावा. उन्हामुळे त्यातले ड जीवनसत्त्व वाढते. वाळलेले देठ टाकू नयेत, त्यांची आमटीला लागणारी चव टोपीपेक्षा कमी नसते.

खाण्याबाबत दोन सूचना गांभीर्याने देतो. शिटाके कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नये. काही लोकांना त्याने एक-दोन दिवसांत अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल, खाजणारे वळ उठतात. या विकाराची पहिली नोंद १९७७ साली जपानमध्ये झाली. नीट परतून शिजवलेल्या अळिंबीने हा त्रास सहसा होत नाही. दुसरे म्हणजे, ओंडक्यावर उगवले ते सारे आपलेच, असे धरून चालू नये. गॅलरिना नावाची लहान तपकिरी, प्राणघातक अळिंबीही कुजणाऱ्या लाकडावर उगवते. शंका आली तर टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवावी: शिटाकेच्या बीजांचा ठसा पांढरा येतो, गॅलरिनाचा गंजासारखा तपकिरी. एवढे करूनही खात्री वाटली नाही तर ती अळिंबी टाकून द्यावी.

आता साताऱ्याबद्दल. तुमच्या वडिलांना ओंडक्यांचा हा प्रयोग मी सुचवणार नाही. तिथल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ओंडक्यातले पाणी टिकवणे हे रोजचे ओझे होईल, जमिनीजवळच्या लाकडाला वाळवी बुरशीच्या आधी गाठेल, ओकसारखे पारखलेले लाकूड तिथे नाही, आणि झाड तोडायला परवानगी काढावी लागेल ती वेगळीच. भारतात शिटाके घेतात ती मुख्यतः लाकडाच्या निर्जंतुक केलेल्या भुशाच्या पिशव्यांत, तापमान नियंत्रित खोलीत. हिमाचलातल्या सोलनच्या अळिंबी संशोधन संचालनालयाने त्याचे तंत्र विकसित केले आहे. निर्जंतुकीकरणाची यंत्रणा आणि गारवा, हा खर्च हौसेपुरता परवडणारा नाही. त्यांना अळिंबीच पिकवायची असेल तर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळिंबी, घ्यावी. गव्हाचे किंवा सोयाबीनचे काड भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून पिशव्यांत भरले की पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ती महिन्याभरात पीक देते, आणि तिचे बियाणे व प्रशिक्षण पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात मिळते. इथले शिटाकेचे बियाणे बॅगेत टाकून नेण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या, कारण अळिंबीचे बियाणे भारतात नेण्यासाठी वनस्पती विलगीकरणाच्या नियमांनुसार आयात परवाना लागतो आणि तो नसेल तर विमानतळावर ते जप्त होऊ शकते.